एकही पिशवी जुळत नाही तेव्हा

वारंवार होणारे गर्भपात आणि आईचा दुर्मीळ ‘पी’ रक्तगट

कोल्हापूरकडे लग्न ठरवताना पत्रिकेत एकनाड निघाली, की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, “म्हणजे दोघांचा रक्तगट एकच. मूल टिकायचं नाही.” पत्रिका न बघणारी घरंही हल्ली रक्तगटाचा रिपोर्ट मागून घेतात. मुलगा ओ पॉझिटिव्ह, मुलगीही ओ पॉझिटिव्ह, मग चालेल का?

चालेल. नवरा-बायकोचा ए-बी-ओ गट सारखा असण्याचा आणि गर्भ न टिकण्याचा काही संबंध नाही. आपल्याकडे ओ आणि बी हेच गट सर्वांत जास्त. त्यामुळे एकाच गटाची लाखो जोडपी आहेत आणि त्यांची पोरं शाळेत जातायत.

आता दुसरी बाजू बघू. एखाद्या बाईला दिवस राहतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गर्भ पडतो. एकदा, दोनदा, चार वेळा तेच. सोनोग्राफीत गर्भाशय चांगलं, थायरॉइड ठीक, साखर ठीक. रक्तगटाच्या रकान्यात ‘ओ पॉझिटिव्ह’, म्हणजे संशय घेण्यासारखं काही नाही. तरीही क्वचित एखाद्या बाईच्या बाबतीत दोष रक्तगटाचाच असतो. फक्त तो गट रिपोर्टवर छापलेला नसतो.

आधी नेहमीची कारणं

कळून आलेल्या शंभर गर्भधारणांपैकी साधारण पंधरा आपोआप पडतात. सुरुवातीच्या अशा गर्भपातांतल्या निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची संख्या किंवा रचना बिघडलेली असते. तो त्या त्या वेळचा योगायोग असतो, पुढच्या खेपेला बहुधा सगळं सुरळीत होतं. पुन्हा पुन्हा गर्भपात होणारी जोडपी मात्र शंभरात एक-दोनच. त्यांच्यात डॉक्टर आधी नेहमीची कारणं शोधतात: गर्भाशयात पडदा, आई किंवा वडिलांच्या गुणसूत्रांत अदलाबदल, ताब्यात नसलेला मधुमेह, थायरॉइडचा बिघाड, आणि रक्तात गुठळ्या करणारा अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. या शेवटच्या आजारात कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन आणि हेपरिनची इंजेक्शनं चांगली उपयोगी पडतात.

हे सगळं तपासूनही निम्म्याच्या आसपास जोडप्यांत कारण सापडत नाही. त्या ‘कारण नाही’च्या ढिगात अगदी थोड्या बायका अशा असतात, ज्यांचं कारण रक्तपेढीतल्या परीक्षानळीत दिसू शकतं.

ए-बी-ओच्या पलीकडचे गट

लाल पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनांच्या आणि शर्करांच्या असंख्य खुणा असतात. या खुणांना प्रतिजन म्हणतात. ए आणि बी या त्यांतल्या दोन, आरएच ही आणखी एक. शास्त्रज्ञांनी आतापर्यंत अशा खुणांच्या चाळीसहून अधिक रक्तगट-प्रणाली नोंदल्या आहेत. रिपोर्टवर दोनच येतात, कारण रोजच्या रक्त चढवण्यात त्या दोनच सर्वांत महत्त्वाच्या.

‘पी’ ही खूण १९२७ साली सापडली. कार्ल लँडस्टायनर आणि फिलिप लेव्हिन यांनी माणसाच्या लाल पेशी सशांना टोचल्या आणि सशांच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध काय तयार होतं ते पाहिलं. त्यातून एम, एन आणि पी हे नवे गट पुढे आले. पीच्या जवळच्या आणखी दोन खुणा नंतर ओळखल्या गेल्या. आज या तिघींची नावं पी, पी-वन आणि पी-के; १९२७ साली सापडलेली ‘पी’ म्हणजे आजची पी-वन. यांतली पी-वन नसणारी माणसं भरपूर आहेत आणि नुसती ती नसल्याने गर्भाला काही होत नाही. पी आणि पी-के मात्र जवळजवळ प्रत्येक माणसात असतात. अडचण येते ती हे ‘जवळजवळ प्रत्येक’ जिथे संपतं तिथे.

साज ओवणारे कारागीर

या खुणा म्हणजे पेशीच्या आवरणातून बाहेर आलेल्या शर्करांच्या छोट्या साखळ्या. त्या एकदम घडत नाहीत, सराफांच्या गुजरीतल्या कोल्हापुरी साजासारख्या एकेक मणी ओवत घडतात. प्रत्येक मणी ओवणारा कारागीर वेगळा. हा कारागीर म्हणजे एक एन्झाइम, आणि त्याला कामाला लावणारं एक जनुक.

पहिला कारागीर एका साध्या साखळीला गॅलॅक्टोज नावाचा शर्करेचा मणी जोडतो. झाली पी-के. दुसरा कारागीर तिच्या टोकाला आणखी एक मणी ओवतो. झाली पी. पहिलाच कारागीर शेजारच्या वेगळ्या दोऱ्यावर तोच गॅलॅक्टोजचा मणी लावतो, ती पी-वन.

पहिल्या कारागिराचं जनुक २२ क्रमांकाच्या गुणसूत्रावर असतं. ते आईकडूनही बिघडलेलं आलं आणि वडिलांकडूनही, तर पहिला मणीच पडत नाही. मग दुसऱ्याला काम उरत नाही आणि पी, पी-वन, पी-के यांतली एकही खूण तयार होत नाही. या गटाला पी-नल म्हणतात. युरोपात तो दहा लाखांत पाच-सहा जणांतच सापडतो. उत्तर स्वीडनच्या एका भागात आणि अमेरिकेतल्या आमिश समाजात तो त्या मानाने बराच जास्त आहे. भारतातही अशी माणसं आहेत. २०१८ साली मणिपालच्या कस्तुरबा रुग्णालयात एक पी-नल रुग्ण सापडला आणि ब्रिस्टलच्या प्रयोगशाळेने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

दुसरा प्रकार म्हणजे पहिला कारागीर हजर, दुसरा गैरहजर. अशा माणसात पी-के असते, पण पी नसते. गर्भाच्या दृष्टीने हे दोन्ही प्रकार त्रासाचे.

या माणसांना रोजच्या आयुष्यात काही कमी पडत नाही. उलट एक फायदाच आहे. लहान मुलांच्या गालांवर लाल चट्टे आणणारा पार्व्हो बी-१९ विषाणू पी या खुणेला चिकटतो. पी-नल माणसांना त्याचा संसर्ग होत नाही.

शरीर आधीच सज्ज असतं

आपल्यात जी खूण नाही ती परकी, हा शरीराच्या बंदोबस्ताचा नियम. ओ गटाच्या माणसाला कधीच रक्त चढवलेलं नसलं तरी त्याच्या रक्तात ए आणि बीविरुद्धचे प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, बालपणापासून असतात. आतड्यातल्या जिवाणूंच्या अंगावर तशाच शर्करा असतात आणि त्यांच्यावरून शरीर हा धडा शिकतं.

पी-नल बाईचंही तसंच. तिच्या रक्तात पी, पी-वन आणि पी-के तिन्हींविरुद्ध प्रतिपिंड आपोआप तयार होतात. त्यांत दोन जाती असतात. आयजीएम हे मोठ्या आकाराचे, ते वारेतून पलीकडे जात नाहीत. आयजीजी लहान, ते जातात. पी-नल बायकांतल्या आयजीजीमध्ये तिसऱ्या क्रमांकाचा उपप्रकार ठळक असतो आणि पेशी फोडायला लावण्यात तो फार जहाल.

आता गर्भधारणा झाली. गर्भाला वडिलांकडून चालू जनुक मिळतं, म्हणून त्याच्या पेशी आणि त्याने तयार केलेली वार, दोन्हींवर पी आणि पी-के उमटतात. सुरुवातीच्या आठवड्यांत वारेच्या पेशींवर या खुणा विशेष दाट असतात, आणि वार तर थेट आईच्या रक्तात न्हात असते. प्रतिपिंडांना पलीकडे जायचीही गरज पडत नाही. ते वारेलाच धरतात आणि बाळाचा घास पोचवणारा रस्ताच मोडतो. गर्भपात दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात का होतो, हे इथे कळतं.

प्रत्येक पी-नल बाईचा प्रत्येक गर्भ पडतोच असं नाही. प्रतिपिंडांची जात आणि पातळी प्रत्येकीत वेगळी असते आणि काहींची बाळंतपणं उपचाराविनाही पार पडली आहेत. पहिले तीन महिने निघाले, तर बाळाच्या लाल पेशींना होणारा त्रास बहुतेकदा सौम्य असतो, कारण गर्भाच्या लाल पेशींवर या खुणा पुरत्या उमटलेल्या नसतात.

आरएचशी गल्लत नको

‘आईचा रक्तगट निगेटिव्ह म्हणून गर्भ पडतात’ ही आणखी एक रुळलेली समजूत. आरएचचा त्रास वेगळ्या वाटेने येतो. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर बहुधा बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं आणि मग प्रतिपिंड तयार होतात. म्हणून पहिलं बाळ सहसा सुखरूप. पुढच्या बाळाच्या लाल पेशी फुटतात, त्याला गर्भारपणाच्या उत्तरार्धात रक्तक्षय होतो आणि जन्मानंतर कावीळ. यावर १९६८ पासून अँटि-डी इंजेक्शन मिळू लागलं.

पीच्या बाबतीत प्रतिपिंड पहिल्या गर्भाच्याही आधीपासून हजर असतात आणि मारा लाल पेशींऐवजी वारेवर होतो. ते घडवायला बाळाचं रक्त लागत नाही, म्हणून इथे अँटि-डीसारखं आधीच टोचून ठेवायचं इंजेक्शन नाही.

मग बॉम्बे ब्लड ग्रुपचं काय?

दुर्मीळ रक्तगट म्हटलं, की आपल्याकडे पहिलं नाव निघतं बॉम्बे ब्लड ग्रुपचं. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९५२ साली मुंबईत शोधला. आपल्या देशात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो आणि महाराष्ट्रात तो त्या मानाने अधिक आढळतो. इथेही एक कारागीर गैरहजर असतो. एच नावाची पायाची खूण बनत नाही, म्हणून तिच्यावर उभी राहणारी ए किंवा बीही बनत नाही.

मग या गटाच्या बायकांचे गर्भ का पडत नाहीत? एचविरुद्धचे प्रतिपिंड मुख्यतः आयजीएम जातीचे असतात, वार ओलांडत नाहीत. रक्त मिळण्याची अडचण दोन्ही गटांना असते. पण ज्या गटात नसलेली खूण वारेवर दाट आणि प्रतिपिंड आयजीजी जातीचे, त्याच गटात गर्भ धोक्यात येतो. गट नुसता दुर्मीळ असणं हे गर्भपाताचं कारण नव्हे.

हा धागा कसा जुळला

१९५१ साली फिलिप लेव्हिन यांच्याकडे अमेरिकेतल्या एका बाईच्या रक्ताचे नमुने आले. तिला जठराचा कॅन्सर होता. शस्त्रक्रियेआधी चढवलेलं थोडंसं रक्तही तिला सोसलं नव्हतं. तिच्या रक्तातले प्रतिपिंड जवळजवळ सगळ्यांच्या लाल पेशींवर तुटून पडत. शस्त्रक्रियेनंतर ती २२ वर्षं जगली आणि कॅन्सर उलटला नाही. तिच्या प्रतिपिंडांचं लक्ष्य असलेली खूण तिच्या गाठीवर होती, त्यामुळे तिच्या प्रतिपिंडांनी उरलेल्या कॅन्सर-पेशींचा समाचार घेतला असावा, असं लेव्हिन यांना वाटलं.

१९५४ साली लेव्हिन यांनीच हे प्रतिपिंड आणि वारंवार होणारे गर्भपात यांचा संबंध मांडला. १९५५ साली लंडनच्या रूथ सँगर यांनी दाखवलं, की हा ‘नवा’ गट १९२७ च्या पी कुटुंबातलाच आहे. बॉम्बे गटाच्या १९५२ च्या निबंधावर भेंड्यांच्या बरोबरीने ज्यांची नावं आहेत, त्यांत या सँगरही आहेत.

निदान बहुधा रक्तपेढीत होतं

गर्भपातात रक्तस्राव जास्त झाला, की रक्ताची पिशवी मागवली जाते. रक्तपेढी ओ पॉझिटिव्ह पिशवी काढून क्रॉसमॅच लावते आणि नळीत गुठळ्या दिसतात. दुसरी पिशवी, तिसरी, दहावी, सगळ्यांचं तेच. पण तिच्या रक्तातला द्रव तिच्याच लाल पेशींशी मिसळला तर काही होत नाही. सगळ्यांशी वाकडं आणि स्वतःशी सरळ, ही या निदानाची पहिली खूण.

मग प्रश्न येतो, हा बॉम्बे गट की पी? युरोपात वाढणाऱ्या एका काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क एच ही खूण ओळखतो. बॉम्बे गटाच्या पेशी त्यात सुट्याच राहतात, पी-नल ओ गटाच्या पेशी मात्र गुठळी धरतात. पुढची पक्की ओळख संदर्भ प्रयोगशाळेत होते. आपल्या राज्यात ती सोय परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात, राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत आहे. १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली ही संस्था एनआयआयएच या नावाने ओळखली जाते. कोल्हापूरच्या रक्तपेढीतून तिथे नमुना पाठवता येतो, बाईला स्वतः जावं लागतंच असं नाही.

हे निदान रक्तस्रावाच्या धावपळीत होण्याऐवजी आधीच होऊ शकतं. इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट, म्हणजे आयसीटी, ही त्यासाठीची साधी चाचणी. आईच्या रक्तात परक्या लाल पेशींविरुद्ध काही फिरतंय का, हे ती सांगते. आपल्याकडे ती बहुतेकदा निगेटिव्ह गटाच्या गर्भवतींचीच होते. बाई ओ पॉझिटिव्ह असली की ती राहून जाते, आणि पी-नल गट तिथेच निसटतो.

प्लाझ्मा काढा, पेशी परत द्या

प्रतिपिंड असतात प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पिवळसर द्रवात. इलाजाची कल्पना सरळ आहे: तो द्रव काढायचा, पेशी परत द्यायच्या. या प्रक्रियेला प्लाझ्माफेरेसिस म्हणतात. एका हाताच्या शिरेतून रक्त यंत्रात जातं, यंत्र पेशी आणि प्लाझ्मा वेगळे करतं, प्लाझ्मा पिशवीत जातो आणि पेशी अल्ब्युमिनच्या द्रावणासह परत शरीरात येतात. डेंग्यूच्या दिवसांत एका दात्याकडून प्लेटलेट काढायला रक्तपेढ्या याच जातीची यंत्रं वापरतात.

पन्नास किलोच्या बाईच्या अंगात सुमारे दोन लिटर प्लाझ्मा असतो. तेवढा एकदा बदलला, की रक्तातले आयजीजी साधारण साठ टक्क्यांनी उतरतात. पण आयजीजीचा निम्म्याच्या आसपास साठा रक्तवाहिन्यांबाहेर, ऊतींमध्ये असतो. तो दोन-तीन दिवसांत आत झिरपतो आणि शरीर नवं उत्पादनही चालूच ठेवतं. म्हणून एका खेपेत काम भागत नाही. आठवड्यातून एकदा ते तीनदा अशा खेपा कराव्या लागतात.

किती करायच्या हे ‘टायटर’ ठरवतो. आईचा प्लाझ्मा दुप्पट-दुप्पट पातळ करत जायचं आणि कुठवर गुठळी दिसते ते पाहायचं. चौसष्ट पट पातळ करूनही दिसली तर टायटर ६४. प्रसिद्ध झालेल्या अनेक उपचारांत तो १६ किंवा त्याखाली ठेवायचा प्रयत्न होता.

सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे वेळ. वार धोक्यात असते ती पहिल्या तीन महिन्यांत. म्हणून दिवस राहिल्याचं कळताच, पाचव्या-सहाव्या आठवड्यात उपचार सुरू करावा लागतो. तिसऱ्या महिन्यात रक्तस्राव सुरू झाल्यावर धावाधाव करून उपयोग होत नाही. निदान आधीच्या गर्भपातानंतर झालेलं असेल, तरच ही वेळ साधते.

१९८० च्या दशकापासून या पद्धतीने वेगवेगळ्या देशांत पूर्वी एकही गर्भ न टिकलेल्या बायकांना जिवंत बाळं झाली आहेत. काही ठिकाणी जोडीला इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं दिली जातात. मात्र गट इतका दुर्मीळ, की मोठ्या संख्येवर तुलना करणारी चाचणी होऊच शकत नाही. जे ज्ञान आहे ते एकेका बाईच्या नोंदीतून साठलेलं. त्यामुळे खात्रीची टक्केवारी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

उपचाराचे त्रासही आहेत. रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट कॅल्शियम धरून ठेवतं, त्याने ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. रक्तदाब उतरू शकतो. नको असलेल्या प्रतिपिंडांबरोबर उपयोगी प्रतिपिंडही जातात, म्हणून संसर्गाची काळजी घ्यावी लागते. हाताच्या शिरा थकल्या तर मोठ्या शिरेत नळी बसवावी लागते. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि रक्तसंक्रमणाचा तज्ज्ञ यांनी एकत्र बसून वेळापत्रक आखलं, तरच हे निभतं.

बाळंतपणात रक्त लागलं तर?

पी-नल बाईला साधी ओ पॉझिटिव्ह पिशवी चढवणं जिवावर बेतू शकतं. म्हणून तयारी आधीच हवी. पहिली गोष्ट, लोह देऊन हिमोग्लोबिन चांगलं वर ठेवायचं. दुसरी, तब्येत साथ देत असेल तर तिचंच रक्त काढून ठेवायचं. ग्लिसरॉल घालून गोठवलं, तर लाल पेशी वर्षानुवर्षं टिकतात. तिसरी, सख्ख्या भावंडांची तपासणी. आई-वडील दोघांकडे एकेक बिघडलेलं जनुक असेल, तर प्रत्येक भावंडाचा गट पी-नल असण्याची शक्यता चारात एक. लाखो दात्यांत न सापडणारं रक्त सख्ख्या भावाच्या अंगात असू शकतं.

कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी चाल आहे. नात्यात लग्न झालं, की तेच दुर्मीळ जनुक दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते. यात दोष कुणाचा नाही. पण डॉक्टरांनी विचारलं तर ते लपवू नये, कारण त्या एका माहितीने तपासाची दिशा बदलू शकते. सासरच्यांनीही एक लक्षात घ्यावं: बिघडलेलं जनुक बाईला तिच्या आई आणि वडील दोघांकडून आलेलं असतं. ते ना तिच्या हातात होतं, ना तिच्या खाण्यापिण्यात किंवा कामात.

थोडक्यात

• नवरा-बायकोचा ए-बी-ओ गट एकच असणं हे गर्भपाताचं कारण नाही.
• लागोपाठ दोन-तीन गर्भ पहिल्या तीन महिन्यांत गेले आणि नेहमीच्या तपासण्यांत काही निघालं नाही, तर रक्तगट पॉझिटिव्ह असला तरी आयसीटी करून घ्यावी.
• एकही पिशवी जुळत नाही असं रक्तपेढीने सांगितलं, तर तो कागद जपून ठेवावा आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरला दाखवावा.
• पी-नल गटाचं निदान झालं, तर पुढच्या खेपेची आखणी दिवस राहण्याआधी करावी. प्लाझ्माफेरेसिस पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू व्हायला हवं.
• सख्ख्या भावंडांचा रक्तगट संदर्भ प्रयोगशाळेतून तपासून घ्यावा. गट जुळला तर त्यांना एकमेकांचं रक्त चालू शकतं, आणि जुळणाऱ्या बहिणीला तिच्या पहिल्या गर्भाआधीच सावध करता येतं.